उतारवयातील केस : जाहिराती काय सांगतात आणि प्रत्यक्षात काय घडते

प्रति,
मा. संपादक,
सोलापूर.

विषय : वयानुसार केसांत होणारे बदल, त्यांची निगा आणि तेलांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिराती

महोदय,

आपल्या दैनिकाच्या घडीतून अधूनमधून जी रंगीत पत्रके घरात येतात, त्यांत केसांच्या तेलांची पत्रके बरीच असतात. 'पांढरे केस मुळापासून काळे', 'टकलावर पुन्हा दाट केस' अशा मथळ्यांखाली कुठले तरी 'वैद्यराज' कोणत्या तारखेला कोणत्या लॉजमध्ये भेटतील याचा तपशील दिलेला असतो. संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, जडीबुटीच्या तेलांचे स्टॉल लागतात, आणि अलीकडे मोबाइलवरील चित्रफितींमधून 'आदिवासी तेल' या नावाने बाटल्या घरपोच येऊ लागल्या आहेत. मी या शहरात अनेक वर्षे औषध दुकान चालवले असून आता निवृत्त आहे. केस काळे करणारे किंवा गळती थांबवणारे काही आहे का, हा प्रश्न विचारणाऱ्यांत तरुणांइतकेच पन्नाशी-साठीचे स्त्री-पुरुष असत, आणि त्यांत विड्या वळणाऱ्या व यंत्रमागावर राबणाऱ्यांची संख्या मोठी होती. त्यांचे कष्टाचे पैसे ज्या बाटल्यांवर जातात त्यांनी केसांचे काही भले होत नाही. उलट, ज्या केसगळतीमागे खरोखर आजार असतो तिचे निदान या नादात लांबते, आणि मला अधिक खटकते ते हेच. म्हणून या विषयावर थोडे विस्ताराने लिहीत आहे.

प्रथम कायद्याविषयी. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील १९४५ च्या नियमावलीला 'अनुसूची जे' नावाची एक यादी जोडलेली आहे. त्या यादीतील विकार बरे करण्याचा किंवा टाळण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. कर्करोग, मोतीबिंदू, दमा अशा विकारांच्या बरोबरीने टक्कल, केसांचा रंग बदलणे व नवे केस उगवणे आणि अकाली केस पिकणे यांचाही तीत उल्लेख आहे. म्हणजे ज्या दाव्यावर या तेलांचा सगळा व्यापार चालतो, नेमका तोच दावा औषधाच्या नावाने करण्यास मनाई आहे. यातून निसटण्यासाठी बाटलीवर 'सौंदर्यप्रसाधन' असे छापायचे आणि पत्रकात मात्र रोग बरा करण्याची भाषा वापरायची, ही युक्ती जुनीच आहे.

आता हा दावा निसर्गतःच का टिकत नाही ते पाहू. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येक केसाचे मूळ आपापल्या चक्राने चालते. दोन ते सहा वर्षे केस वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबते, सुमारे तीन महिने मूळ विश्रांती घेते, जुना केस गळतो आणि त्याच जागी नवा उगवू लागतो. त्यामुळे दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे ही निरोगी डोक्याचीही नित्याची गोष्ट आहे. आठवड्याने डोके धुणाऱ्याच्या हातात साठलेले सगळे केस एकदमच येतात आणि तो घाबरतो, एवढेच.

केस वाढत असताना मुळाशी असलेल्या रंगपेशी त्यात मेलॅनिन हे रंगद्रव्य भरतात. प्रत्येक नव्या चक्राच्या वेळी या पेशी जवळच्याच एका साठ्यातून नव्याने तयार होऊन येतात. वय वाढते तसा हा साठा आटत जातो, आणि तो ज्या मुळाशी संपतो तिथून पुढचा केस रंगाविना वाढतो. आपल्या सोलापुरी चादरीचे सूत आधी रंगवून मग मागावर चढवतात, तसा केसाचा रंग तो तयार होतानाच त्यात पडतो. त्वचेबाहेर आलेल्या केसात जिवंत पेशीच नसतात, त्यामुळे वरून चोळलेले कोणतेही तेल त्याला आतून काळे करू शकत नाही. 'मुळापासून काळे' म्हणवणाऱ्या तेलाने केस खरोखरच काळे दिसू लागले, तर बाटलीत रंग मिसळलेला आहे असेच समजावे.

केस कधी पिकू लागतील हे मुख्यतः आनुवंशिकतेवर ठरते. आशियाई लोकांत साधारणपणे तिशीच्या उत्तरार्धात पहिले पांढरे केस दिसू लागतात. पंचविशीच्या आत बरेच केस पिकले तर आपल्याकडचे डॉक्टर त्याला अकाली म्हणतात आणि ब-१२ जीवनसत्त्व व थायरॉइड यांची तपासणी सुचवतात. धूम्रपान करणाऱ्यांत केस लवकर पिकण्याचे प्रमाण जास्त आढळले आहे. मानसिक ताणाचा संबंध पूर्वी केवळ सांगोवांगीचा मानला जाई. २०२० मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांत, तीव्र ताणामुळे चेतातंतूंतून सुटणारे नॉरअॅड्रेनॅलिन रंगपेशींचा साठा वेगाने संपवते असे दाखवून दिले. उंदरांवरचा हा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावणे घाईचे होईल, तरीही 'काळजीने केस पिकले' असे म्हणणाऱ्या आपल्या आज्या अगदीच निराधार बोलत नव्हत्या. एक पांढरा केस उपटला की सात उगवतात, ही समजूत मात्र निराधार आहे. उपटल्याने शेजारच्या केसांचा रंग बदलत नाही, पण वारंवार उपटत राहिल्यास ते मूळ कायमचे निकामी होऊ शकते.

रंगाखेरीज इतरही बदल होतात, आणि त्यांची चर्चा फारशी कोणी करत नाही. वयाबरोबर केसाची जाडी घटते, वाढीचा काळ आखूड होतो, त्यामुळे पूर्वीइतकी लांबी येत नाही. काही मुळे विश्रांतीतून परत कामाला लागतच नाहीत. डोक्याच्या त्वचेतील तैलग्रंथी कमी स्रवतात, म्हणून केस कोरडे व राठ लागतात आणि गुंता लवकर होतो. स्त्रियांमध्ये मासिक पाळी थांबल्यानंतर इस्ट्रोजेन घटते आणि भांग रुंदावत जातो. कपाळावरची रेषा बहुधा जागेवरच राहते, पण टाळूवरची त्वचा दिसू लागते. त्याच सुमारास हनुवटीवर चार-दोन जाड केस उगवतात आणि अनेकींना त्याचे नाहक दडपण येते. पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉनपासून बनणाऱ्या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या द्रव्याला डोक्यावरची काही मुळे जन्मतःच संवेदनशील असतात आणि त्याच्या प्रभावाखाली बारीक होत जातात. याच वयात कानातले आणि भुवयांचे केस मात्र जाड व लांब होतात. हे सारे वयाचे नैसर्गिक बदल आहेत आणि त्यांसाठी औषध घेतलेच पाहिजे असे नाही.

मात्र साठीच्या माणसाचे केस गळतात म्हणजे ते वयामुळेच, असे धरून चालणे धोक्याचे आहे. तापानंतरची केसगळती हे याचे सर्वांत नेहमीचे उदाहरण. डेंग्यू, टायफॉइड, मोठी शस्त्रक्रिया, करोना किंवा झपाट्याने घटलेले वजन यांमुळे बरीच मुळे एकाच वेळी विश्रांतीत जातात, आणि दोन-तीन महिन्यांनी मूठ-मूठ केस हाती येऊ लागतात. पावसाळ्यात ताप आलेला माणूस दिवाळीच्या आसपास केसगळतीची तक्रार घेऊन येतो आणि त्याला स्वतःलाच तो ताप आठवत नाही. ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. नेमक्या याच काळात जो कोणी जे तेल लावत असेल, त्या तेलाला फुकटचे श्रेय मिळते. पत्रकांवर छापलेली समाधानी ग्राहकांची पत्रे अगदीच खोटी नसतात, ती बहुधा याच प्रकारातली असतात.

रक्तक्षय हे दुसरे मोठे कारण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. ज्या बाईच्या शरीरात वर्षानुवर्षे लोह कमी राहिले, तिचे केस पन्नाशीत विरळ झाले तर नवल नाही. साठीनंतर, विशेषतः पुरुषांत किंवा पाळी थांबलेल्या स्त्रियांत, हिमोग्लोबिन घटलेले आढळले तर पोटातून रक्त जात नाही ना याचीही तपासणी लागते, आणि ती तेलाच्या बाटलीने होत नसते. थायरॉइड मंदावला की केस कोरडे होऊन गळतात आणि भुवयांचे बाहेरचे टोक विरळ होते. नाण्याएवढ्या गोल चट्ट्यांत एकदम केस गेले तर ती चाई. तिच्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उलटलेली असते. पाळी थांबलेल्या काही स्त्रियांत कपाळावरची केसांची रेषा मागे सरकत जाते आणि भुवयाही जातात. या विकारात मुळांच्या जागी वण तयार होतात आणि तिथे केस पुन्हा येत नाहीत, म्हणून डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करून चालत नाही. रक्त पातळ ठेवण्याची व रक्तदाबाची काही औषधेही केसगळती करू शकतात, मात्र तेवढ्यावरून ती परस्पर बंद करणे जिवावर बेतू शकते.

बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये काही गावांतील लोकांचे केस थोड्या दिवसांतच गळून टक्कल पडले होते, हे वाचकांना आठवत असेल. आधी पाण्याकडे बोट दाखवले गेले, पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमच्या मोठ्या प्रमाणाकडे लक्ष वेधले. त्या बातम्यांनंतर आपल्याकडेही बोअरच्या पाण्याविषयी धास्ती निर्माण झाली. लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सर्वांचे केस काही दिवसांत गळणे आणि वयपरत्वे वर्षानुवर्षे विरळ होत जाणे, या दोन गोष्टींची गल्लत होऊ नये म्हणून हा उल्लेख केला.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर सोलापूरकरांच्या नेहमीच्या तक्रारीबद्दल बोलू. महापालिकेचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, मधल्या काळात बोअर किंवा टँकर, आणि बोअरचे पाणी जड. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियममुळे साबणाचा फेस होत नाही. साबणाचा चिकट साका केसांवर बसतो, केस राठ लागतात आणि पांढऱ्या केसांना पिवळट झाक येते. मात्र जड पाणी मुळांपर्यंत जाऊन केस गळवते याला पुरावा नाही. केसांच्या मजबुतीवर होणाऱ्या परिणामाबाबत झालेल्या अभ्यासांचे निष्कर्षही परस्परविरोधी आहेत. त्यामुळे केवळ केसांसाठी हजारो रुपयांची यंत्रे नळाला बसवण्याची गरज मला वाटत नाही. डोक्याला अंगाचा साबण लावू नये, सौम्य शाम्पू वापरावा, कारण त्याचा असा साका होत नाही. आणि शेवटचा एक तांब्या साठवलेल्या नळाच्या पाण्याचा घ्यावा. शिकेकाई आम्लधर्मी असल्याने जड पाण्यातही ती चालते, पण ती बारीक दळलेली व गाळून घेतलेली असावी, नाहीतर तिचा भरड चोथा कोरड्या केसांत अडकतो आणि विंचरताना केस तुटतात.

पाणी जपून वापरण्याच्या सवयीमुळे वृद्धांचे डोके धुणे मागे पडते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. तैलग्रंथी मंदावलेल्या असल्याने त्यांना रोज डोके धुण्याची गरज नसतेच. आठवड्यातून एकदा, घाम येणाऱ्याला दोनदा पुरते. यंत्रमागावर सुताची धूळ डोक्यात जाणाऱ्यांनी मात्र कामाच्या वेळी डोक्याला रुमाल बांधावा, म्हणजे वारंवार धुण्याचा प्रसंग येत नाही. कढत पाणी टाळावे, कारण आधीच कोरड्या त्वचेतला उरलासुरला स्निग्धांशही त्याने निघून जातो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो. पांढऱ्या केसांत रंगद्रव्य नसल्याने त्यांचे उन्हापासून कमी संरक्षण होते आणि टक्कल पडलेली त्वचा तर सरळ भाजते. टोपी, उपरणे किंवा डोक्यावरचा पदर यांचा उपयोग तिथे कोणत्याही क्रीमपेक्षा जास्त आहे.

तेलाला माझा विरोध नाही, तेलाच्या नावाने होणाऱ्या दाव्यांना आहे. खोबरेल तेल केसाच्या आत थोडेफार शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे मुंबईतील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले होते. सूर्यफूल तेल व खनिज तेल यांत तो गुण आढळला नाही. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हेही वाचकांना ठाऊक असावे. तरी निष्कर्ष तर्काला धरून आहे. म्हणून डोके धुण्याआधी तासभर केसांच्या लांबीला, विशेषतः टोकांना, थोडे खोबरेल लावणे उतारवयातल्या कोरड्या केसांना नक्कीच मानवते. त्यात माका, ब्राह्मी, जास्वंद, आवळा घालून कढवलेले घरचे तेल असेल तर त्याचा सुगंध आणि लावणाऱ्या हाताचा सुखद स्पर्श हाही फायदाच म्हणायचा. मात्र ज्यांच्या डोक्यात तेलकट, पिवळसर कोंडा व खाज आहे, त्यांनी टाळूला तेल थापू नये. तो कोंडा ज्या बुरशीमुळे बळावतो ती या स्निग्धांशावरच वाढते. तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने कीटोकोनॅझोल असलेला शाम्पू उपयोगी पडतो.

कलप आणि 'काळी मेंदी' यांच्याबद्दल मात्र मला सर्वांत जास्त सावध करायचे आहे. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते आणि त्याचा रंग तांबूस-केशरीच येतो. पांढऱ्या केसांवर काळा रंग चढवण्याची क्षमता मेंदीत नाही. मेंदीनंतर निळीच्या पानांची पूड लावून काळसर छटा आणता येते, पण ते दोन टप्प्यांचे व वेळखाऊ काम आहे. पाकिटातली मेंदी अर्ध्या तासात केस काळेभोर करत असेल, तर तिच्यात पॅराफेनिलीनडायअमीन हे रसायन असते, मग पाकिटावर हिरव्या पानाचे चित्र कितीही मोठे असो. हे रसायन बहुतेक कलपांत असते आणि 'अमोनियाविरहित' लिहिलेल्या कलपातही ते असू शकते. अनेकांना ते वर्षानुवर्षे सोसते आणि एके दिवशी अचानक त्याची अॅलर्जी उद्भवते. कानामागे व मानेवर पुरळ, पापण्या सुजून डोळे मिटणे, डोक्यातून लस येणे अशी लक्षणे घेऊन लग्नाच्या आदल्या दिवशी माझ्या दुकानी आलेले वरबाप आणि वरमाया मी पाहिल्या आहेत. क्वचित श्वासालाही त्रास होतो आणि तसे झाल्यास तातडीने दवाखाना गाठावा लागतो. काहींच्या कपाळावर पुढे पांढरे डाग उमटतात आणि त्या डागांपायी घरात नको त्या शंका निघतात. एकदा ही अॅलर्जी झाली की ती आयुष्यभर राहते; कंपनी बदलून काही उपयोग होत नाही.

म्हणून ज्यांना कलप लावायचाच आहे, त्यांनी लावण्याआधी ४८ तास कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला तयार मिश्रणाचा ठिपका देऊन पाहावा, आणि ही चाचणी दर वेळी करावी, कारण मागच्या वेळी काही झाले नाही ही पुढच्या वेळची हमी नसते. टाळूवर जखम किंवा पुरळ असताना कलप लावू नये, सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नये आणि दाढी-मिशीला तोच कलप फासू नये, तिथली त्वचा अधिक नाजूक असते. सलूनमध्ये घाईगर्दीत ही चाचणी कोणी करत नाही. ग्राहकानेच आग्रह धरला तर कारागीर नाही म्हणत नाहीत, असे माझ्या परिचयातील सलूनवाल्यांनी मला सांगितले आहे.

औषधांविषयी थोडक्यात. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाच्या गोळीतले औषध. ती गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागल्याचे दिसल्यावर त्याचे डोक्याला लावायचे द्रावण तयार झाले आणि अमेरिकेत १९८८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. काहींना त्याचा चांगला उपयोग होतो. सुरुवातीच्या काही आठवड्यांत गळती वाढल्यासारखी वाटते, परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि वापर थांबवल्यावर टिकवलेले केस पुन्हा जातात. हे न सांगता बाटली विकणे मला नेहमीच अयोग्य वाटत आले. पुरुषांसाठी फिनॅस्टेराइडची गोळी १९९७ पासून वापरात आहे. ती घेणाऱ्या वयस्कर पुरुषांनी प्रोस्टेटसाठी पीएसए चाचणी करताना डॉक्टरांना तसे सांगितलेच पाहिजे, कारण या गोळीमुळे त्या चाचणीचा आकडा जवळपास निम्म्यावर येतो आणि आजार झाकला जाऊ शकतो. गरोदर स्त्रियांनी ही गोळी फुटलेली असल्यास हातातही घेऊ नये. 'केसांचे जीवनसत्त्व' म्हणून खपणाऱ्या बायोटिनची कमतरता प्रत्यक्षात विरळाच असते, पण त्याच्या मोठ्या मात्रेने थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या निदानासाठी होणाऱ्या ट्रोपोनिन चाचणीचे निकाल चुकू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच दिला आहे. छातीत दुखणाऱ्या माणसाच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको.

आहाराबाबत आपल्याकडे तक्रारीला फार जागा नाही. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, पालेभाजी, उसळ हे जेवण केसांसाठीही चांगलेच आहे. अडचण असते ती एकट्या राहणाऱ्या किंवा दात गेलेल्या वृद्धांची, जे चहा-बिस्किटावर वेळ भागवतात. त्यांच्या पोटात पुरेशी प्रथिने जात नाहीत. जेवणावर लगेच चहा घेतल्याने अन्नातील लोह कमी शोषले जाते, लिंबू पिळल्याने जास्त, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

शेवटी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, कारण ती आपल्या सीमाभागात अजूनही दिसते. खांदा दुखतो, हात वर जात नाही, घरात विंचरून देणारे कोणी नाही, अशा वृद्ध स्त्रीच्या केसांत आधी गुंता होतो, मग तो न सोडवल्याने चिकटून जट तयार होते. मग कोणीतरी तिला देवीचा कौल ठरवते, ती कापली तर कोप होईल अशी भीती घालते, आणि त्या बाईला मानेवर ओझे, दुर्गंधी, उवा व टाळूवरच्या जखमा सोसत उरलेले आयुष्य काढावे लागते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा स्त्रियांची व त्यांच्या कुटुंबाची समजूत घालून जट सोडवण्याचे काम अनेक वर्षे करत आले आहेत. ही वेळ येऊ नये म्हणून घरातल्या वृद्धेचे केस रोज एकदा रुंद दातांच्या कंगव्याने, टोकांकडून सुरुवात करून मुळांकडे जात विंचरावेत. ओले असताना ओढू नयेत, कारण ओला केस लवकर तुटतो. आंबाडा सैल बांधावा. वर्षानुवर्षे घट्ट ओढून बांधलेल्या केसांमुळे कपाळाच्या दोन्ही बाजूंना केस कायमचे जातात. तिची इच्छा असेल तर केस खांद्यापर्यंत कापून द्यावेत. तिला विचारल्याशिवाय, केवळ आपल्या सोयीसाठी मात्र कापू नयेत. आजारी सासूच्या डोक्यावर न विचारता कात्री चालवलेली मी पाहिली आहे, आणि त्यानंतर त्या बाईने लोकांसमोर येणेच सोडून दिले होते.

आपल्या दैनिकाकडे माझ्या दोन मागण्या आहेत. केस काळे करण्याचा किंवा टकलावर केस उगवण्याचा दावा करणाऱ्या जाहिराती आपण छापू नयेत, आणि अंकाच्या घडीत अशी पत्रके घालू नयेत अशा स्पष्ट सूचना आपल्या वितरकांना द्याव्यात. अशी पत्रके आढळल्यास वाचकांनी ती फेकून न देता अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे तक्रारीसोबत जोडावीत, म्हणजे लॉजचा पत्ता आणि तारीख आपोआपच पुराव्यात येते. दुसरी मागणी अशी की, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागातील तज्ज्ञांकडून या विषयावर आपण सोप्या भाषेत लेखन करून घ्यावे. तेथील सिव्हिल रुग्णालयात त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे, केसांच्या तक्रारीसाठीही तिथे जाता येते, हे आपल्या शहरातील पुष्कळ लोकांना माहीतच नाही. केस एकदम गळू लागले, चट्टा पडला, टाळू लाल होऊन दुखू लागली किंवा भुवयाही जाऊ लागल्या, तर गड्ड्यातल्या स्टॉलऐवजी त्यांनी तिथे जावे.

कळावे,

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त औषधविक्रेता,
जुळे सोलापूर, सोलापूर